अर्थिंगच्या बोल्टाखाली बसलेल्या गंजास

प्रति,
अर्थिंगच्या बोल्टाखाली बसलेला गंज,
मुक्काम बॉनेटच्या आत, बॅटरीच्या ट्रेजवळ.

पत्राला मायना घातलेला नाही. ज्यानं साध्या माणसांना धडधाकट बॅटऱ्या मोडीत द्यायला लावल्या, चालू सेल्फ-स्टार्टर खोलायला लावले आणि भर पावसात बायकापोरांना गाडीला धक्का मारायला उतरवलं, त्याला नमस्कार घालायची रीत आमच्याकडे नाही. तुझ्याविरुद्धची तक्रार आज चारचौघांत वाचून दाखवतो. तू इतकी वर्षं सुटलास, कारण लोक गाडी बंद पडली की सगळ्यांना दोष देतात आणि तुझ्याकडे कोणी बघतच नाही.

तुझे भाऊबंद निदान उघड्यावर तरी वावरतात. दाराच्या खालच्या कडेला आलेला गंज दिसतो, फ्लोअरला पडलेलं भोक पाय ठेवला की कळतं, सायलेन्सर सडला तर साऱ्या आळीला ऐकू येतं. तू मात्र वायरीच्या टोकाची धातूची कडी, म्हणजे लग, आणि बॉडीचा पत्रा यांच्यामध्ये कागदाएवढा पातळ थर होऊन बसतोस. वरून बोल्ट घट्ट, वायर जागेवर, हलवून पाहिली तर हलत नाही. बघणारा म्हणतो, इथे सगळं ठीक आहे. तुझी सगळी मजल या एका वाक्याच्या जोरावर आहे.

घरातलं अर्थिंग शॉक लागू नये म्हणून असतं. गाडीतलं अर्थिंग वेगळं. गाडीत प्रत्येक दिव्याला, हॉर्नला, मोटरला बॅटरीच्या पॉझिटिव्हकडून एकच वायर जाते आणि परतीचा सगळा करंट बॉडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे येतो. म्हणजे गाडीचा पत्रा हीच परतीची वायर. इंजिन मात्र रबराच्या फाउंडेशनवर बसवलेलं असतं आणि रबरातून करंट जात नाही. म्हणून बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिन किंवा गिअरबॉक्सपर्यंत एक जाड वायर लागते आणि बॉडीला दुसरी. काही गाड्यांत आधी बॉडीला आणि तिथून तांब्याच्या विणलेल्या पट्टीनं इंजिनला, अशीही जोडणी असते. या दोन-तीन टोकांवर सगळ्या गाडीची वीज परत येते. आणि तू नेमकी हीच टोकं धरून बसतोस.

माझ्यासमोर तू सर्वांत जास्त वेळा आलास तो मारुती ८०० मध्ये. यात गाडीचा दोष नाही. १४ डिसेंबर १९८३ रोजी या गाडीची पहिली किल्ली इंदिरा गांधींच्या हातून ग्राहकाला मिळाली आणि १८ जानेवारी २०१४ रोजी तिचं उत्पादन थांबलं. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं ते इंजिन आज वीस-पंचवीस वर्षांचं होऊनही कोकणातल्या घाटरस्त्यांवर निमूट चढतं. कोणाच्याही हातून दुरुस्त होणारी, सुटे भाग अजून मिळणारी ही गाडी. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, मग दर ५ वर्षांनी नूतनीकरण करून लोक तिला सांभाळतात. कोण असतात हे लोक? पेन्शनवर घर चालवणारे, बागायतीतले आंबे बाजारात नेणारे, म्हाताऱ्या आईला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन जाणारे. नव्या गाडीचा हप्ता त्यांना परवडत नाही. तू त्यांच्या खिशात हात घालतोस, हा माझा तुझ्यावरचा पहिला आणि मोठा राग.

आमच्या वाडीत निवृत्त शिक्षक आहेत, आम्ही सगळे त्यांना गुरुजी म्हणतो. त्यांच्या मारुतीचा सेल्फ सकाळी जड उचलायला लागला. आधी बॅटरी बदलली. आठवडाभर बरं चाललं, मग पुन्हा तेच. मग गॅरेजमध्ये सेल्फ उतरवला, कार्बन बदलले, बुश बदलले. पुन्हा चार दिवस बरे गेले. तू इथे किती लबाडी केलीस ते मला नंतर उमगलं. प्रत्येक वेळी काम करताना बॅटरीची वायर काढली जायची, परत लावली जायची, त्या घासण्यानं तुझा थर थोडा खरवडला जायचा आणि नवीन वस्तूमुळेच गाडी सुधारली असं सगळ्यांना वाटायचं. दोष तुझा, श्रेय बॅटरीला, बिल गुरुजींना. तिसऱ्या खेपेला त्यांना नवीन सेल्फच घ्या असं सांगितलं गेलं, तेव्हा ते माझ्याकडे आले.

बॉनेट उघडलं. "गुरुजी, सेल्फ मारा बरं," मी म्हटलं. टक् असा एक आवाज, मग इंजिन अर्धा वळसा घेऊन थांबलं. "अहो, कार्बन नवीन आहेत हो त्याचे," गुरुजी आतून म्हणाले. हेडलाइट लावायला सांगून पुन्हा सेल्फ मारायला लावला. दिवे जसेच्या तसे लख्ख. बॅटरी खरंच उतरलेली असती तर सेल्फ मारताच दिवे विझल्यासारखे झाले असते. बॅटरीच्या दोन्ही टोकांवर मल्टिमीटर लावला, सेल्फ मारताना ११.८ व्होल्ट. चांगला सेल्फ करंट ओढत असता तर बॅटरी साडेदहाच्या आसपास खाली आली असती. म्हणजे बॅटरी भरलेली होती आणि सेल्फपर्यंत पुरेसा करंट पोहोचतच नव्हता. असाच दोन-तीन वेळा सेल्फ मारल्यावर मी क्लचच्या केबलला हात लावला आणि झटकन मागे घेतला. केबलचं आवरण गरम झालं होतं.

क्लचच्या केबलचा विजेशी काय संबंध? काहीच नसायला हवा. पण गिअरबॉक्सकडे जाणारी अर्थची वायर तू खाऊन टाकली होतीस, बॉडीकडची शाखा तेवढी शाबूत होती. सेल्फमधून परत निघालेला करंट गिअरबॉक्सकडून बॉडीपर्यंत जायला वाट शोधत होता आणि त्याला सापडली ती क्लचची पोलादी केबल. या वाटेनं जाणारा करंट केबल तापवतो, तिच्या आतलं प्लास्टिकचं अस्तर वितळवतो आणि काही महिन्यांनी ती केबल अडकते किंवा तुटते. गुरुजींची क्लच केबल त्याच वर्षी आधी एकदा बदलून झाली होती. तो खर्चही तुझ्याच नावावर.

वायरीचं गिअरबॉक्सकडचं टोक सोडवलं तेव्हा तू पहिल्यांदा समोर आलास. लगच्या खालच्या बाजूला तपकिरी पूड, तांब्याच्या तारांमध्ये हिरवा चुरा, आणि लगपाशी इन्सुलेशन थोडं सोललं तर आतले तंतू काळे पडून तुटलेले. चिमटीत धरून वाकवले तर बिस्किटासारखे मोडले. दहा-बारा तंतू तेवढे शाबूत होते. समुद्रावरून येणाऱ्या खारट हवेत आणि पावसाळ्यात साधारण ३००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या आमच्या पट्ट्यात तुला खाऊपिऊ घालायला वेगळं कोणी लागत नाही. तांबं आणि लोखंड एकमेकांना टेकलेली आणि मध्ये खारं पाणी असलं की त्यातलं लोखंड आधी झिजतं. विणलेल्या पट्टीत तर पाणी तंतूंमधून आत चढतं आणि वरून कोरडी दिसणारी पट्टी आतून सडते.

ज्या दहा-बारा तंतूंवर ती वायर लोंबकळत होती, त्यांनीच तुला आजवर वाचवलं, हे इथे लिहून ठेवतो. गॅरेजमध्ये टेस्ट लॅम्प लावून पाहिला असेल, तर तो पेटला असणार. मल्टिमीटरच्या बझरवर तपासलं असेल, तर तो वाजला असणार. कारण टेस्ट लॅम्पला अर्धा ॲम्पिअरसुद्धा लागत नाही आणि तेवढा करंट दहा तंतूंतूनही आरामात जातो. मारुतीसारख्या छोट्या गाडीच्या सेल्फला मात्र इंजिन फिरवताना १०० ॲम्पिअरच्या घरात करंट लागतो. नळाला लावलेला पाइप आतून शेवाळानं भरलेला असला तरी तोटी बंद असताना त्यात पूर्ण दाब दिसतो. तोटी उघडली की धार करंगळीएवढी येते, तसंच हे. आकड्यांत सांगायचं तर जोडात फक्त ०.०१ ओहमचा अडथळा असला तरी १०० ॲम्पिअरला तिथेच एक व्होल्ट गळतो. आणि ०.०१ ओहम साध्या मल्टिमीटरला दिसतच नाही. त्याच्या स्वतःच्या वायरीच त्याहून दहापट जास्त दाखवतात. म्हणून बंद गाडीत ओहमवर तुला शोधणारा माणूस दरवेळी रिकाम्या हातानं परत येतो.

तुला पकडायची रीत वेगळी आहे आणि ती मी इथे जाहीर करतो आहे. ती शिकायला आयटीआय लागत नाही. दोनचारशे रुपयांचा मल्टिमीटर आणि सेल्फ मारायला एक माणूस, एवढं पुरतं. हँडब्रेक ओढायचा, गाडी न्यूट्रलला. कार्ब्युरेटरची गाडी असेल तर इग्निशन कॉइलची बारीक वायर काढून ठेवायची आणि इंजेक्शनची असेल तर फ्युएल पंपाचा फ्यूज, म्हणजे इंजिन फिरेल पण सुरू होणार नाही. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर. एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरा इंजिनच्या उघड्या धातूवर. खांबावर म्हणजे शिशाच्या खांबावरच, त्यावर बसवलेल्या क्लॅम्पवर नव्हे. क्लॅम्पवर लावला तर क्लॅम्पखाली बसलेला तुझा भाग मोजमापातून सुटतो. आता सेल्फ मारायला सांगायचं आणि इंजिन फिरत असताना आकडा वाचायचा. सेल्फ दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ दाबायचा नाही.

निरोगी गाडीत हा आकडा ०.२ व्होल्टच्या आत राहतो. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर तू आहेस. गुरुजींच्या गाडीत तो साडेतीन होता. बॅटरीनं दिलेल्या बारातले साडेतीन व्होल्ट तू वाटेतच गिळत होतास आणि बोल लागत होता सेल्फला.

मग एकेक टप्पा तोडत जायचं. खांब ते क्लॅम्प, क्लॅम्प ते बॉडी, बॉडी ते इंजिन. दरवेळी सेल्फ मारायचा आणि आकडा बघायचा. ज्या टप्प्यावर व्होल्ट दिसेल त्याच जोडात तू बसला आहेस, दुसरीकडे नाही. पॉझिटिव्ह बाजूलाही बॅटरीच्या खांबापासून सेल्फच्या बोल्टापर्यंत असंच मोजायचं, तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. त्याच्या वर असेल तर पॉझिटिव्हची वायर किंवा सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट बघायचे. मल्टिमीटर हाताशी नसला तर एक जंप केबल पुरते. तिचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनच्या उघड्या जाड धातूला, गाडीच्या मूळ वायरीला समांतर. आता सेल्फ मारला आणि मघाशी कण्हणारं इंजिन गरागरा फिरलं, तर दुसऱ्या पुराव्याची गरज नाही. गुरुजींनी तेच पाहिलं. नवीन सेल्फचे पैसे त्यांच्या खिशातच राहिले.

सेल्फ हा तुझा मोठा गुन्हा. पण दिव्यांत तू जे करतोस त्यानं माणूस जास्त गोंधळतो, आणि तिथे धोकाही जास्त आहे. मागच्या दिव्याच्या होल्डरचं अर्थ तू खाल्लंस की ब्रेक दाबल्यावर ब्रेकचा दिवा लागत नाही. उलट डॅशबोर्डवरचे बारीक दिवे मंद उजळतात. कारण त्या एका बल्बमध्ये २१ वॉटची ब्रेकची आणि ५ वॉटची पार्किंगची अशा दोन तारा असतात आणि दोघींचं अर्थ एकच. ते तुटलं की ब्रेकचा करंट पार्किंगच्या तारेतून उलटा जाऊन दुसऱ्या दिव्यांमधून अर्थ शोधतो. मागून येणाऱ्या ट्रकला तुमचा ब्रेक दिसत नाही. पावसात, घाटाच्या वळणावर, यानं माणूस मरू शकतो. हे लिहिताना माझी मूठ आवळली जाते.

इंडिकेटर लावला की पेट्रोलचा काटा त्याच तालावर उडायला लागला तर ते तुझंच काम. हेडलाइट लावले की टेंपरेचरचा काटा एकदम वर आणि बंद केले की खाली, हेही तुझंच. इंजिन खरंच तापत असतं तर काटा दिव्यांच्या बटणाबरोबर हलला नसता. पण याच ठिकाणी मी वाचकाला थांबवून सांगेन की काटा हळूहळू चढत जाऊन वरच राहिला तर गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा, अर्थिंगचा विचार नंतर. तेव्हाही तू अगदीच निर्दोष नसतोस म्हणा. रेडिएटरच्या पंख्याचं अर्थ तू धरलं असशील तर पंखा फिरतो खरा, पण मरगळून फिरतो, आणि गर्दीत इंजिन खरोखर तापतं. पंख्याच्या प्लगमध्ये पंखा चालू असताना अर्थच्या वायरीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मोजलं की तिथेही तू आकड्यांत सापडतोस.

तुझे साथीदारही इथे नोंदवतो. पहिला, बॅटरीच्या टर्मिनलवर साचणारा पांढरा-हिरवा चुरा. बॅटरीतल्या सल्फ्युरिक ॲसिडच्या वाफा टर्मिनलच्या शिशावर आणि तांब्यावर बसल्या की तो बनतो. दुसरा, डेंटिंग-पेंटिंगचं घाईचं काम. रंग मारताना अर्थिंगचा बोल्ट काढला जातो, त्या जागेवर छान जाड रंग बसतो आणि रंगावरच लग परत घट्ट केला जातो. रंगातून करंट जात नाही. रंगकाम करून आणलेल्या गाडीत दुसऱ्याच दिवशी विजेची तक्रार आली तर आधी तिथेच बघावं. तिसरा साथीदार म्हणजे मोठे हॉर्न, फॉग लॅम्प, म्युझिक सिस्टीम बसवून घेताना सगळ्यांचं अर्थ एकाच बोल्टाखाली कोंबणारा हात. चार लग एकावर एक चढवले की मधल्यांना धड पकड मिळत नाही आणि तुला राहायला चार घरं मिळतात. इंजिनवर प्रेशरनं पाणी मारून धुण्याची हौसही तुझ्याच पथ्यावर पडते.

न्यायाची गोष्ट म्हणून हेही लिहितो, की प्रत्येक अपराध तुझा नसतो आणि तुझ्या नावावर दुसऱ्याचा खपवू नये. रात्रभर उभ्या गाडीत बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. बॅटरी पूर्ण चार्ज करूनही सेल्फ मारताना तिच्याच खांबांवर ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी गेली, सेल आत मेला, तुझा संबंध नाही. इंजिन चालू असताना त्याच खांबांवर १३.८ ते १४.५ मिळत नसतील तर अल्टरनेटर, त्याचा पट्टा किंवा रेग्युलेटर बघावा. अर्थच्या टोकावर आकडा ०.२ च्या आत आहे, पॉझिटिव्हही चांगलं आहे, बॅटरी भरलेली आहे आणि तरी सेल्फ नुसता टक् म्हणतो, तर दोष सेल्फचाच. मग तो खोलावा, खुशाल खोलावा. मोजल्यावर केलेला खर्च वाया जात नाही.

आता तुझा बंदोबस्त. पाने दहा आणि बारा नंबरचे, वायर ब्रश, पॉलिश पेपर, खाण्याचा सोडा, पेट्रोलियम जेली. बॅटरीचं आधी निगेटिव्ह काढायचं आणि बसवताना ते शेवटी लावायचं. कारण निगेटिव्ह लागलेलं असताना पॉझिटिव्ह सोडवायला गेलं आणि पाना बॉडीला टेकला तर पाना लाल होतो, हात भाजतो. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ विडी-सिगरेट नको, हातातली अंगठी नको. एअरबॅग असलेली गाडी असेल तर वायर काढल्यावर काही मिनिटं थांबून मगच कामाला लागावं. टर्मिनलवरचा चुरा सोड्याच्या पाण्यानं धुवावा, ते पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ द्यायचं नाही. खांब आणि क्लॅम्पची आतली बाजू धातू चकाकेपर्यंत घासायची.

बॉडीवर जिथे लग बसतो तिथला रंग, प्राइमर आणि तू, तिघांना खरवडून पत्रा चांदीसारखा दिसेपर्यंत घासायचं. लगच्या दोन्ही बाजू घासायच्या. वायरीचे तंतू आत काळे पडले असतील तर घासून उपयोग नाही, नवीन वायर घ्यावी. छोट्या गाडीला १६ ते २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते, लग दाबून बसवलेला हवा. दातेरी वॉशर लावावा, तो पत्र्यात रुततो आणि पकड टिकवतो. धातूला धातू घट्ट बसल्यावर मग वरून जेली किंवा ग्रीसचा थर द्यायचा, हवा आणि पाणी आत जाऊ नये म्हणून. मी जुन्या गाडीत याशिवाय इंजिनपासून बॉडीपर्यंत एक जादा वायर टाकतोच. ती कंपनीनं दिलेली नसली तरी तिचा अपाय काही नाही, आणि समुद्राकाठी एक वायर तू सहज खातोस पण दोन खाणं तुला जड जातं.

सगळं बसवून झाल्यावर पुन्हा तेच दोन प्रोब आणि पुन्हा तोच सेल्फ. हे करायला लोक विसरतात. घासलं, चकाकलं, झालं असं नाही. आकडा खाली आला तरच काम झालं. गुरुजींच्या गाडीत नवीन वायरीनंतर तो ०.१२ आला. सेल्फनं इंजिन असं उचललं की गुरुजी दचकले, म्हणाले, "नवी होती तेव्हासुद्धा अशी उचलत नव्हती बघा." वायर, लग, वॉशर मिळून जो खर्च आला तो त्यांनी बॅटरीसाठी मोजलेल्या पैशांच्या दशांशही नव्हता.

तू संपलास असं मी म्हणत नाही. पाऊस पडेल, खारं वारं येईल, तू परत बसशील. दर पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर मी वाडीतल्या जुन्या गाड्यांची बॉनेटं उघडतो, आणि आता गुरुजीही स्वतःचा मल्टिमीटर घेऊन उभे असतात.

वाचकहो, तुमच्या जुन्या गाडीला सेल्फ किंवा बॅटरी बदला असं कोणी सांगितलं, तर सांगणारा प्रामाणिक असेलही, पण त्याला एवढंच म्हणा की आधी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबापासून इंजिनपर्यंत, सेल्फ मारत असताना, किती व्होल्ट दिसतात ते माझ्यासमोर मोजून दाखवा. आकडा ०.२ च्या आत असेल तर पैसे द्या. वर असेल तर बॉनेट उघडंच ठेवा आणि बारा नंबरचा पाना मागवा.